रुंद चाकांचे औचित्य

'अभिजात' हा शब्द उच्चारताना आपण मराठीचे अध्यापक फार सावध असतो. कोणती कृती अभिजात, कोणती केवळ लोकप्रिय, कोणती नुसतीच जुनी, यावर आपण तासन् तास बोलू शकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून तर हा शब्द व्यासपीठांवरून इतका कानी पडू लागला आहे, की त्याचा नेमका अर्थ विचारणे हाच औचित्यभंग ठरावा. परंतु अभिजात ठरलेल्या वस्तूशी वागायचे कसे, हा प्रश्न आपण सहसा टाळतो. तिला हात लावायचा की नाही? लावायचा तर कुठवर? आणि हात लावल्यानंतर ती तीच वस्तू राहते काय?

या प्रश्नाचा अत्यंत हट्टी आणि अत्यंत बारकाईने केलेला ऊहापोह मला साहित्याच्या बाहेर, अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या जगात वाचायला मिळाला. 'मसल कार' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९६० आणि १९७० च्या दशकांतील गाड्यांना तेथे 'क्लासिक' म्हणतात, आणि त्या गाड्यांच्या मागच्या चाकांवर मूळच्यापेक्षा रुंद रिम व रुंद टायर चढवावेत की नाही, यावर तेथील जाणकारांत दीर्घकाळ वाद चालू आहे. वरवर पाहता हा हौशी लोकांचा किरकोळ वाद आहे. मला मात्र तो पाठचिकित्सेचा वाद वाटतो, आणि म्हणून या पानावर त्याची चर्चा करणे अस्थानी होणार नाही अशी माझी समजूत आहे.

१

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. मसल कारची परंपरा सामान्यतः १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून मोजतात. जनरल मोटर्स या कंपनीचा त्या काळी असा दंडक होता, की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही. पॉन्टिॲक शाखेचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या गाडीचे ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट ल मान्स या गाडीत बसवले. नवी गाडी काढायची तर वरिष्ठांची परवानगी हवी. म्हणून त्यांनी ती जुन्याच गाडीवरची ऐच्छिक जोड म्हणून कागदावर दाखवली. नावही उसने घेतले. जीटीओ ही तीन अक्षरे इटलीच्या फेरारीची. शर्यतीच्या विशिष्ट वर्गासाठी अधिकृत मान्यता मिळालेली गाडी, असा त्यांचा अर्थ. पॉन्टिॲकला तशी कोणतीही मान्यता नव्हती. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता. पहिल्या वर्षी ३२,४५० खपल्या.

म्हणजे जिला आज 'मूळ संहिता' म्हणून जपतात, ती गाडी जन्मतःच एक प्रक्षेप होती. एका गाडीच्या देहात दुसऱ्या गाडीचे हृदय आणि तिसऱ्या गाडीचे नाव. हा मुद्दा पुढे लागणार आहे, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

या गाड्यांतील मूळचा दोष, किंवा स्वभाव म्हणा, प्रमाणाचा होता. १९६४ च्या जीटीओच्या इंजिनाची शक्ती ३२५ ते ३४८ अश्वशक्ती सांगितली जाई. १९७० च्या शेव्हरोले शेव्हेलला ४५४ घन इंचांचे जे सर्वांत मोठे इंजिन मिळे, त्याची ४५०. (हे आकडे इंजिन गाडीबाहेर, जोडसामान काढून मोजलेले, म्हणून फुगीर आहेत, १९७२ पासून अमेरिकेत मोजण्याची रीत बदलली.) एवढी शक्ती रस्त्यापर्यंत पोहोचवायची जबाबदारी होती ती जेमतेम १९ सेंटिमीटर रुंदीच्या टायरवर. शेव्हेलचा टायर त्याहून थोडा रुंद होता, इतकेच. भीमाच्या देहाला बाहुलीची पावले लावावीत तसा हा प्रकार. पायाखालचा दट्ट्या जोरात दाबला की गाडी पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी रबर जाळीत असे. कारखान्यांनी असे का केले, याची कारणे काव्यात्म नाहीत. टायर स्वस्त हवेत, चाकाची पोकळी ज्या कुटुंबवत्सल गाडीवरून घेतली तिच्याच मापाची राहावी, बसणाऱ्याला धक्के कमी लागावेत, आणि त्या काळचे टायरतंत्रही तितपतच.

२

चाकाच्या मापांची स्वतःची एक परिभाषा आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय या वादात शिरता येत नाही. व्याकरणाच्या अध्यापकांना ती आवडेल. १९६० च्या दशकाच्या अखेरीस टायरवर 'एफ७०-१४' असे लिहिलेले असे. यातील पहिले अक्षर भार पेलण्याची क्षमता सांगते. वर्णमालेत पुढे जावे तसा टायर मोठा. ७० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्याच्या रुंदीच्या ७० टक्के, आणि १४ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. आजच्या पद्धतीने '२७५/६०आर१५' असे लिहितात : रुंदी २७५ मिलिमीटर, भिंत तिच्या ६० टक्के, 'आर' म्हणजे रेडियल, रिम १५ इंची. जुन्या टायरमध्ये आतले धागे तिरपे, एकमेकांना छेद देत जाणारे असत. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असतात, त्यामुळे भिंत लवचीक राहते आणि रस्त्याला टेकणारा भाग सपाट राहतो. मिशेलिनने हे तंत्र १९४० च्या दशकातच आणले होते. अमेरिकी गाड्यांत ते सर्रास रुळायला १९७० चे दशक उजाडले.

वरचे दोन आकडे मांडून पाहिले, तर २७५/६०आर१५ या टायरचा एकूण व्यास सुमारे २८ इंच येतो, तर एफ७०-१४ चा साधारण साडेसव्वीस इंच. फरक दीड इंचाचा, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास. पण तेवढ्याने गाडीचा वेगदर्शक खोटे बोलू लागतो : काटा ताशी ६० मैलांवर असताना गाडी प्रत्यक्षात जवळपास ६४ मैलांनी धावत असते. मागच्या आसातील दातेरी चक्रांचे ४.१० हे प्रमाण व्यवहारात ३.८७ च्या घरात येते, म्हणजे जी चपळाई वाढवायला निघालो तीच थोडी कमी होते. एक शब्द बदलला की वाक्यातील क्रियापदाचे रूप बदलते, तसे हे आहे.

मग येतो तो खरा अवघड भाग : चाक बसायचे कुठे? रिमची रुंदी एवढ्याने भागत नाही. रिमच्या आतल्या कडेपासून ती आसाला जिथे टेकते त्या पृष्ठापर्यंतचे अंतर महत्त्वाचे. त्याला तिकडे 'बॅकस्पेसिंग' म्हणतात. आठ इंची रिमची बाहेरून बाहेरपर्यंत रुंदी सुमारे नऊ इंच भरते, कारण दोन्ही कडांची जाडी वेगळी. टेकण्याचे पृष्ठ बरोबर मध्यावर असेल तर हे अंतर साडेचार इंच. ते वाढवले तर चाक आत सरकते आणि स्प्रिंगला किंवा आतल्या पत्र्याला घासते. कमी केले तर बाहेर येते आणि मडगार्डच्या कडेला कापले जाते. शिवाय गाडी उभी असताना बसणारे चाक, खड्ड्यात आपटल्यावर किंवा वळणावर कलल्यावर बसेलच असे नाही. आणि जाणकार एक गोष्ट आवर्जून सांगतात : दोन्ही बाजू स्वतंत्रपणे मोजा, कारण कारखान्यातून आलेल्या गाडीची डावी आणि उजवी बाजू क्वचितच सारखी असते. मूळ प्रतदेखील लेखनिकाच्या हातचीच असते, हे पाठचिकित्सकाला सांगायला नको.

३

रुंद टायरने नेमके काय साधते? येथे बहुतेकांचा समज असा, की टायर रुंद म्हणजे रस्त्याला टेकणारे रबर जास्त, म्हणून पकड जास्त. गणित वेगळे सांगते. समजा, गाडीचे वजन १,७०० किलो आहे आणि त्यातील ४५ टक्के मागच्या आसावर आहे. (या गाड्यांचे नाक जड असे.) म्हणजे मागच्या एका चाकावर सुमारे ३८२ किलो. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २.१ किलो धरला, तर रस्त्याला टेकणारा भाग स्थूलमानाने १८२ चौरस सेंटिमीटर येतो, पसरलेल्या तळहाताहून फारसा मोठा नाही. टायर रुंद केला आणि दाब तोच ठेवला, तर हे क्षेत्रफळ जवळजवळ तेवढेच राहते. बदलतो तो त्याचा आकार : लांबट होते ते आखूड आणि रुंद होते.

तरीही रुंद टायरने पकड वाढते हे अनुभवाने सिद्ध आहे. रबर हे शाळेत शिकलेल्या घर्षणाच्या नियमाला पूर्णपणे बांधलेले नाही. त्यावरचा भार अधिक समान वाटला गेला की ते अधिक चिकटते. रुंद टायर मऊ रबराचा करता येतो, कारण झीज आणि उष्णता मोठ्या पृष्ठावर विभागली जाते. दाबही कमी ठेवता येतो. वेग घेताना गाडीचा भार मागे सरकतो, त्यामुळे मागच्या चाकांची पकड वाढवण्यात अर्थ आहे.

पण सरळ रेषेतल्या या लाभाची किंमत वळणावर मोजावी लागते. मागची चाके रुंद आणि पुढची अरुंद ठेवली, की गाडी वळायला नाखूश होते. सुकाणू फिरवले तरी नाक सरळच जाऊ पाहते. ब्रेक लावताना भार पुढे जातो, म्हणून थांबण्याच्या कामी मागच्या रुंद टायरांचा उपयोग थोडाच. आणि या गाड्यांतील अनेकींना चारही चाकांवर जुने ड्रमब्रेक होते. पावसात रुंद टायर पाण्यावर तरंगण्याचा धोका अधिक. तेव्हा फक्त मागची चाके रुंद करून गाडी 'सुधारली' असे म्हणणे हे, एखाद्या नाटकाचा केवळ तिसरा अंक पुन्हा लिहून नाटक सुधारले म्हणण्यासारखे आहे.

४

तरीही लोक मागचीच चाके रुंद करतात. याचे कारण उपयुक्ततेत शोधून सापडणार नाही. ते संकेतात आहे. पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या सरळ धावपट्टीवरील शर्यतींसाठी अमेरिकेत १९५१ मध्ये एक राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्या शर्यतीच्या गाड्यांचे रूप ठरलेले : मागे प्रचंड चाके, पुढे सायकलीची वाटावीत इतकी बारीक. तेथे ते रूप गरजेतून आले होते. रस्त्यावरच्या गाडीला मागे रुंद टायर लावणारा मनुष्य त्या धावपट्टीचा दाखला देत असतो. आपल्या परिभाषेत सांगायचे तर येथे वाच्यार्थ दुय्यम आहे आणि व्यंग्यार्थ प्रधान. गाडी उभी आहे, पण धावण्याच्या तयारीत आहे, असा तो ध्वनी.

१९७० च्या दशकात हा ध्वनी इतका हवासा वाटू लागला, की अनेकांनी गाडीचा मागचा भाग हवेच्या शॉकॲब्सॉर्बरनी किंवा लांब शॅकल लावून उंच केला, केवळ रुंद टायर मडगार्डखाली मावावा म्हणून. त्याने गुरुत्वमध्य वर गेला आणि गाडी अधिक बेभरवशाची झाली. पुढच्या दशकात 'प्रो स्ट्रीट' नावाची शैली बोकाळली. तीत मागचा आस कापून आखूड करीत, चासीचा मागचा भाग कापून नवा जोडीत आणि मागच्या आसनाच्या जागेपर्यंत पोहोचणाऱ्या पोकळीत धावपट्टीवरचे टायर बसवीत. त्यांतील कित्येक गाड्या प्रदर्शनाच्या मैदानाबाहेर फारशा धावल्या नाहीत. व्यंग्यार्थाने वाच्यार्थ गिळून टाकला की हे असे होते.

या संकेताचे उत्तम चित्रण चित्रपटांत आहे. माँटी हेलमन यांच्या १९७१ च्या 'टू-लेन ब्लॅकटॉप' या चित्रपटात एक १९५५ ची शेव्हरोले आहे, करड्या प्रायमरच्या रंगाची, अंतर्बाह्य बदललेली; तिच्याशी शर्यत लावतो तो दुकानातून जशीच्या तशी आणलेल्या १९७० च्या जीटीओचा मालक. शेव्हरोलेवाले दोघे तरुण फारसे बोलतच नाहीत. जीटीओवाला मात्र वाटेत गाडीत घेतलेल्या प्रत्येक पांथस्थाला स्वतःच्या आयुष्याची वेगळी कहाणी सांगतो. कारखान्यातून आलेल्या वस्तूला अंगचे चरित्र नसते. ते मालकाला रचावे लागते, असे जणू हेलमन सुचवतात. पुढे त्या चित्रपटातील शेव्हरोलेंपैकी एक काळी रंगवून १९७३ च्या 'अमेरिकन ग्राफिटी'त वापरली गेली. म्हणजे तीही पुन्हा एकदा बदलली.

५

आता वादाकडे येऊ. एका बाजूला मूळनिष्ठ आहेत. इंजिनावरील क्रमांक, गिअरपेटीवरील क्रमांक, काचेवरील तारखेची खूण, सारे त्या गाडीच्या जन्मतारखेशी जुळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. टायर झिजतात, म्हणून जुन्या नमुन्याबरहुकूम नवे टायर करून विकणाऱ्या कंपन्याही आहेत. टेनेसी राज्यातील चॅटानूगा येथील कोकर टायर ही त्यांतली प्रसिद्ध. फायरस्टोनचे 'वाइड ओव्हल' टायर तेथून नव्याने मिळतात. दुसऱ्या बाजूला परिवर्तनवादी आहेत. त्यांचे म्हणणे : गाडी चालवण्यासाठी आहे, १९६४ चे टायरतंत्र जपणे म्हणजे देवी टोचून घ्यायला नकार देण्यासारखे आहे.

मूळनिष्ठांची बाजू मला हास्यास्पद वाटत नाही. त्यांचा सर्वांत सबळ युक्तिवाद असा : अरुंद टायरवर घसरणारी, ताब्यात न राहणारी ती गाडी हीच खरी गाडी आहे. तिची भीती हा तिच्या आशयाचा भाग आहे. तिला भक्कम पकड दिली की आपण एक वेगळी, सभ्य गाडी चालवत असतो आणि १९६० च्या दशकातील त्या उन्मादाबद्दल आपल्याला काहीच कळत नाही. अपरिचित शब्दांच्या जागी सोपे शब्द घातलेली जुनी बखर वाचून जुना काळ कळला असे मानण्यातला जो धोका, तोच हा.

तरी त्यांच्या भूमिकेला दोन अडचणी आहेत. पहिली ही, की ज्याला ते मूळ म्हणतात ते पुष्कळदा स्वतःच बदल असते. जीटीओचा जन्म आपण पाहिलाच. पेन्सिल्व्हेनियातील डॉन येंको हे विक्रेते १९६७ पासून नव्या कॅमेरो गाड्यांत कारखाना देत नसे असे ४२७ घन इंचांचे इंजिन घालून विकत; आज त्या 'येंको' गाड्या अस्सलपणाच्या शिखरावर आहेत. १९७० ची प्लिमथ एएआर कुडा आणि तिची भगिनी डॉज चॅलेंजर टी/ए या कारखान्यातूनच पुढे ई६०-१५ आणि मागे जी६०-१५ असे वेगवेगळ्या मापांचे टायर घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा मागची चाके मोठी असणे परंपरेला परके आहे असेही म्हणता येत नाही. आणि १९६८ च्या 'बुलिट' चित्रपटातील ती हिरवी मस्टँग? तिची बोधचिन्हे काढलेली, तिला अमेरिकन रेसिंग कंपनीची चाके लावलेली, चित्रीकरणासाठी तिची मोडतोड केलेली. जानेवारी २०२० मध्ये ती लिलावात शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलरना गेली, आणि तिचे मोल त्या बदलांसकट, किंबहुना त्या बदलांमुळेच होते. तिला कोणी 'पूर्ववत' केली असती तर ती हजारोंतली एक मस्टँग झाली असती.

दुसरी अडचण अशी, की अतिरेकी मूळनिष्ठा वस्तूला वापरातून काढून टाकते. रबर न वापरताही म्हातारे होते; जन्मतारखेचे टायर घातलेली गाडी रस्त्यावर नेणे हा वेडेपणा आहे. म्हणून ती प्रदर्शनाला ट्रेलरवर चढवून नेतात. अशा गाड्यांना तिकडे कुचेष्टेने 'ट्रेलरवरच्या राण्या' म्हणतात. आपल्याकडे ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात अशा राण्या पुष्कळ आहेत.

६

माझे मत असे आहे, की हा प्रश्न मूळ की बदल असा मांडणेच चूक आहे. तो औचित्याचा प्रश्न आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचा प्राण मानले. कमरपट्टा गळ्यात घातला तर तो हास्यास्पद होतो. दोष कमरपट्ट्याचा नसतो, जागेचा असतो. त्याच्याही आधी आनंदवर्धनाने अलंकाराविषयी एक मोठी मार्मिक कसोटी सांगितली होती : रसाच्या ओघातच जो सिद्ध होतो, ज्यासाठी वेगळी खटपट करावी लागत नाही, तोच खरा अलंकार.

ही कसोटी गाडीला लावून पाहावी. १९६८ ते १९७२ च्या शेव्हेलच्या मागच्या पोकळीत १५ इंची, आठ इंच रुंद रिमवर २७५/६०आर१५ हा टायर पुष्कळदा काहीही न कापता बसतो. म्हणजे गाडीच्या देहात ती जागा होतीच. कारखान्याने ती भरली नव्हती, एवढेच. इतकी शक्ती आणि इतकी जागा असलेली वस्तू रुंद चाक मागत होती. हा बदल मी तिच्या स्वभावातून आलेला मानतो. त्यापुढची पायरी मडगार्डची आतली कड वळवण्याची. टायर आणि कड यांच्या मध्ये बेसबॉलची बॅट अडकवून गाडी हळूहळू पुढेमागे ढकलायची, की कड चेपून वर वळते, हा जुना गावठी उपाय. बाहेरून काही दिसत नाही. फार तर रंगाला तडा जातो. येथवर जायला माझी हरकत नाही. त्यापुढे आतील पत्रा कापून पोकळी काही इंच आत वाढवतात. मूळ चासी शाबूत राहते, पण पत्रा परत येत नाही. येथे मी थबकतो. कोणती गाडी, तिच्यासारख्या किती उरल्या, हे विचारल्याशिवाय उत्तर देणार नाही. आणि सर्वांत शेवटी आस व चासी कापण्याचा प्रो स्ट्रीट मार्ग. तेथे चाकासाठी गाडी उरते, गाडीसाठी चाक नव्हे. अलंकारासाठी केलेली वेगळी खटपट हीच तेथे मुख्य वस्तू होते.

या कसोटीला मी एक पुरवणी जोडीन : परतीची वाट आणि जाहीर कबुली. शहाणे मालक मूळची १४ इंची चाके फेकून देत नाहीत. ती गॅरेजात गुंडाळून ठेवतात आणि गाडी विकताना पुढच्या मालकाच्या हवाली करतात. काय बदलले याची यादीही देतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच तत्त्वावर उभी आहे. प्रक्षिप्त ठरलेले श्लोक संपादकांनी नष्ट केले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. उद्याच्या संशोधकाला आपला निर्णय फिरवता यावा, ही त्यामागची नम्रता. गॅरेजातली ती गुंडाळलेली चाके मला परिशिष्टासारखी वाटतात.

७

हे सारे आपल्याशी कोणत्या अर्थाने निगडित आहे, ते थोडक्यात सांगतो.

आपण जुन्या मराठी ग्रंथांवर रोज रुंद चाके चढवीत असतो, आणि ते सांगत नाही. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम आल्यानंतर एकोणिसाव्या शतकातील गद्य पुन्हा छापताना अनुस्वार गाळले गेले, ऱ्हस्वदीर्घ बदलले, विरामचिन्हे घातली गेली. वाचनीयतेसाठी हे करण्यात गैर काही नाही. टायर झिजतात तसे लेखनसंकेतही झिजतात. परंतु कितीतरी आवृत्त्यांत संपादक कोणत्या आवृत्तीवरून पाठ घेतला आणि काय बदलले, याचा एका ओळीचाही उल्लेख नसतो. विद्यार्थी तोच मूळ पाठ समजून त्यावर भाषाशैलीचा प्रबंध लिहितो. अभ्यासक्रमातील वेचे हा तर चासी कापण्याचाच प्रकार आहे. कादंबरीतून एक भावुक प्रकरण कापून काढायचे, त्याला नवे शीर्षक द्यायचे आणि खाली पाच प्रश्न छापायचे. त्यावर जे गाईड निघते, ते आमच्या क्षेत्रातील प्रो स्ट्रीट : मागून भव्य, परीक्षेच्या मैदानावर देखणे, आणि रस्त्यावर एक मैलही न जाणारे.

याच्या उलट टोकाला आपले मूळनिष्ठ आहेत. कोणी जुन्या कादंबरीचे नाटक केले, अभंगाला नवी चाल लावली, की ते विटंबनेची हाकाटी करतात. त्यांना एकनाथांचे उदाहरण सांगावेसे वाटते. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मध्यंतरी शिरलेले अपपाठ दूर केले आणि पुढे कोणी त्यात भर घालू नये असे बजावले. याहून कडवा मूळनिष्ठ कोण असेल? पण याच एकनाथांनी रामकथा हाती घेतली तेव्हा भावार्थरामायणात ती आपल्या काळाच्या, आपल्या लोकांच्या मापाने मोकळेपणी विस्तारली, आणि भारुडांत तर वेदान्ताला जोशी, गोंधळी, महार यांचे वेष चढवले. ज्ञानदेवांचा पाठ त्यांनी राखला, आणि आपल्याला जे वाढवायचे होते ते आपल्या नावाने, वेगळ्या ग्रंथात वाढवले. या दोन एकनाथांत मला विसंगती दिसत नाही.

म्हणून माझा पक्ष असा : दुर्मीळ गाड्यांतील काही, संग्रहालयांनी आणि समर्थ संग्राहकांनी, अरुंद टायरांसकट जशाच्या तशा राखाव्यात, कारण त्यांच्यावाचून बदलाला बदल म्हणण्याचा आधारच उरणार नाही. बाकीच्यांवर, पोकळीत मावेल इतके रुंद चाक चढवावे, पुढच्या चाकांचा आणि ब्रेकचाही विचार करावा, जुनी चाके जपावीत, आणि गाडी चालवावी. पुस्तकांबाबतही मी याहून वेगळे काही मागत नाही. महाविद्यालयांनी निदान एवढे ठरवावे, की नेमलेल्या जुन्या ग्रंथाची जी आवृत्ती वर्गात येईल तिच्यात पाठाची आणि बदलांची नोंद असलीच पाहिजे. नसेल तर ती आवृत्ती नेमू नये. अभ्यासमंडळाच्या एका बैठकीत होण्यासारखे हे काम आहे.